समोर बघा, मान सरळ

ता. ३ सप्टेंबर

चि. चिमीस,
अ. उ. आ.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि मग फोन आधी कुणी आपटला यावर पुन्हा भांडतो, म्हणून हा कागदाचा उद्योग. कागद निदान मध्ये तोंड घालत नाही.

आधी तुझं ते मायनर, म्हणजे जोडविषय. डोळे तपासायचं शिक्षण घ्यायला तुला एवढ्या लांब पाठवलं, तेवढं पुरे नव्हतं का? त्याच्या जोडीला कुणी भाषा घेतं, कुणी व्यापार घेतं. व्यापार घेतला असतास तर दुकानाला उपयोग तरी झाला असता. तू काय घेतलंस, तर फौजदारी न्याय! याचा चष्म्याशी काय संबंध, असं तुझ्या बाबांना विचारलं, तर मागच्या खोलीतून काच घासता घासता म्हणाले की चोरांनाही नंबर असतो. या घरात मला धड उत्तर म्हणून मिळत नाही. बरं, मुख्य विषयात तरी चष्म्याची काडी वाकवायला नीट शिकवतात का? कानामागे दोन वळणं द्यायची, आठवतंय ना? एका वळणावर भागवणारे आळशी असतात आणि त्यांचे चष्मे गिऱ्हाइकाच्या नाकावरून घसरतात. बाबा मला हसतात, पण दोन वळणांचा चष्मा या अख्ख्या रस्त्यावर फक्त आपल्याकडे मिळतो.

आता बातमी, आणि ती वाईट आहे. शेजारच्या गाळ्यातल्या आपल्या शिलाईमावशी गेल्या आठवड्यात संध्याकाळी वरच्या मजल्यावर कपडे पोचवून जिना उतरत होत्या. मागून राखाडी जाकीट घातलेला एक माणूस धावत आला, त्यांना ढकललं, पिशवी हिसकावली आणि आपल्या दुकानाच्या काचेसमोरून पळाला. मावशी शेवटच्या पायरीवर पडल्या. उजवं मनगट मोडलं गं. कात्री धरायचा हात. पुढे तो पहिल्यासारखा चालेल की नाही, हे डॉक्टर सांगत नाहीत. रोज सकाळी त्या माझ्याकडे टाचण्यांची उशी पाठवतात, मी सगळ्या सुयांत दोरा ओवून परत देते. डाव्या हाताने जमतील तेवढी बटणं त्या लावत बसतात. मला ते बघवत नाही.

पण तो माणूस मी पाहिला. पळताना त्याने काचेकडे तोंड वळवलं आणि मी पाहिला. पोलिसांनी मागच्या गल्लीतला एक राखाडी जाकीटवाला धरला आणि मला ओळखपरेडला बोलावलं. माणसं ओळीत उभी होती, कुणाचा चष्मा, कुणाची टोपी, सगळं आधीच काढून ठेवलेलं. मी एकेकासमोर थांबत गेले. सवयीने तोंडातून निघून गेलं, समोर बघा, मान सरळ. बरोबरचा हवालदार हसला. आणि त्या ओळीतला एक जण माझ्याकडे बघून चक्क तोंडभर हसला! मावशींचा हात मोडून वर मला हसून दाखवतो, इतका निगरगट्ट! चेहरा तर मी आधीच ओळखला होता, त्या हसण्याने उरलीसुरली शंका गेली. मी बोट दाखवलं आणि घरी आले. आता तो कोठडीत आहे.

गिऱ्हाइकांना मी नेहमी सांगते ते तुला पाठ आहेच, की एकदा बघितलेला चेहरा मी विसरत नाही. तर तो विषय बदलायचं बघ. लोभ आहेच, तो टिकवणं तुझ्या हातात.

तुझी,
आई


ता. १० सप्टेंबर

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

मावशींचं वाचलं आणि ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्यांना सांग की मी शिवलेला, म्हणजे त्यांनी शिवलेला आणि मी फाडलेला निळा झगा अजून जपून ठेवला आहे.

आता विषय. आई, मी तो बदलणार नाही. डोळे तपासायला शिकताना डोळा कसा बघतो हे कळतं. या दुसऱ्या वर्गात लोकांनी बघितलेल्याचं पुढे काय होतं ते कळतं. आमच्या बाई पूर्वी कोर्टात आरोपींच्या बाजूने उभ्या राहायच्या. आता आम्हाला शिकवतात आणि वर्गात कुणी जांभई दिली तर त्याला उठवून साक्षीदार करतात. मला त्या फार आवडतात. तू त्यांना भेटलीस तर पहिल्या पाच मिनिटांत तुमचं कडाक्याचं भांडण होईल आणि मग गट्टी होईल.

रागावू नकोस, पण मला काही गोष्टी विचारायच्या आहेत. तेव्हा उजेड किती होता? दुकानातला दिवा लागलेला होता का? कारण आत दिवा असला की आपल्या त्या मोठ्या काचेत बाहेरच्यापेक्षा आपलंच तोंड जास्त दिसतं, हे तूच मला लहानपणी दाखवलं होतंस. ओळखपरेडला तुझ्याबरोबर जो हवालदार होता, त्याला कुणाला पकडलंय हे माहीत होतं का? तो कधी हसला, तू कुणासमोर उभी असताना? आणि मुख्य म्हणजे, तो माणूस पळाला तेव्हा तुझ्या डोळ्यांवर कुठला चष्मा होता? तू स्क्रू बसवत असशील तर जवळचा असणार, आणि जवळच्या चष्म्यातून रस्त्यावरचं तुला कसं दिसतं ते मला माहीत आहे. एकदा तू त्यातून मी समजून टपालवाल्याला घरात घेतलं होतंस.

हे मी तुला खोटं पाडायला विचारत नाहीये. बाई म्हणतात, चुकीची ओळख पटवणारे साक्षीदार बहुतेकदा खोटारडे नसतातच, त्यांची मनापासून खात्री असते. मी तुझं उदाहरण वर्गात सांगितलं, तर सगळे कान टवकारून ऐकत होते. त्यावर मोठी चर्चा झाली.

बाबांना नमस्कार. माझ्यावरचा राग काढायला त्यांना वापरू नकोस.

तुझी,
चिमी


ता. १७ सप्टेंबर

चि. चिमीस,
आशीर्वाद. उत्तम आहेत की नाही ते पत्राच्या शेवटी ठरवू.

वर्गात सांगितलंस! स्वतःच्या आईला फळ्यावर लावलंस! म्हणजे आता तिकडची कोण कुठली पोरं बाकावर बसून ठरवणार, की एका बाईला दिसतं की दिसत नाही. काय नाव दिलंस मला? अर्धवट आंधळी चष्मेवाली? कर्म माझं. तुझ्या फीचा विचार मनात आला आणि मी तो गिळून टाकला.

चिमे, मी लोकांचे चेहरे हातात धरून आयुष्य काढलं. नाकाचा दांडा कुणाचा कसा, बुबुळांमध्ये अंतर किती, कुठला कान वर, कुठला खाली, हे मी माणूस दारातून आत येईपर्यंत ओळखते. तुला डोळे तपासायला शिकवणाऱ्या तुमच्या त्या प्रोफेसरांनी जेवढे चेहरे पाहिले नसतील तेवढे मी पुसून, मोजून घरी पाठवले आहेत. त्या ओळीत तो उभा होता आणि त्याचा चेहरा मला नाकाच्या दांड्यापासून हनुवटीपर्यंत माहीत होता. काचेतून एकदा ओझरता पाहिलेला चेहरा इतका पाठ होतो का, असं तू विचारशील. माझा होतो! उजेड होता. हवालदाराचं मला काय विचारतेस, त्याला जाऊन विचार.

मावशींसमोर तुझं पत्र वाचायची मला लाज वाटली. त्यांनी विचारलं, चिमी काय म्हणते, तर मी सांगितलं की निळ्या झग्याची आठवण काढते. बाकीचं पोटात ठेवलं. त्यांचं प्लास्टर अजून निघालेलं नाही आणि बाहेर आलेली बोटं पुरती मिटत नाहीत. तुझ्या बाईंना सांग, त्यांनी आयुष्यभर आरोपींची बाजू घेतली, एकदा येऊन या बाईची बोटं बघून जा.

आता या विषयावर मला एक अक्षर लिहू नकोस. बाबा आशीर्वाद म्हणतात, आणि त्यांना यात ओढू नये असंही म्हणतात.

शेवटी ठरलं, आशीर्वाद नुसतेच.

आई


ता. २० सप्टेंबर

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी टपालपेटीत स्वतः टाकणार आहे आणि तू ते मिळाल्याचं घरी कळवणार नाहीस, एवढं आधी कबूल कर.

तुम्हा दोघींच्या मध्ये माझा जीव मेटाकुटीला आला आहे. तुझं पत्र आलं की ती ते मला वाचून दाखवते, मग मी काही बोललो की चिडते, गप्प बसलो की जास्त चिडते. काल एका गिऱ्हाइकाने सहज विचारलं की हा चष्मा मला नीट बसलाय ना, तर ती म्हणाली, आमच्यावर विश्वास नसेल तर दुसरीकडे दाखवा. तो बिचारा घाबरून गेला.

तू विचारलं होतंस त्यातल्या एका प्रश्नाला तिने उत्तर दिलेलं नाही, हे तुझ्याही लक्षात आलं असेल. त्या संध्याकाळी तिच्या डोळ्यांवर जवळचाच चष्मा होता. ती ओरडली म्हणून मी मागून धावत आलो, तेव्हा तो तिच्या नाकावर होता. हे मी तिला बोललो नाही, आणि तुलाही मी सांगितलेलं नाही, समजलीस ना? मी माणसाला त्याच्या नंबराने ओळखतो, चेहरे हे तुझ्या आईचं खातं. तिच्या खात्यात मी कधी बोट घातलं नाही, म्हणून आमचा संसार चालला.

पण ती घाबरलेली आहे, चिमी. अलीकडे ती दुकानाच्या काचेसमोर जाऊन उभी राहते, जवळचा चष्मा लावते, काढते, पुन्हा लावते. मी बघतोय असं दिसलं की काच पुसायला लागते. तिच्याशी जरा सबुरीने घे.

माझ्यावर लोभ ठेव, आणि हे पत्र फाडून टाक.

बाबा


ता. २८ सप्टेंबर

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

या पत्रात त्या प्रकरणाबद्दल काहीही नाही. तू सांगितलंस म्हणून नाही, बाईंनी दम भरला म्हणून. वर्गातल्या चर्चेवर बाई त्या दिवशी काही बोलल्या नव्हत्या. मी तुला पत्रातून प्रश्न विचारले हे त्यांना कळलं तेव्हा मात्र मला खोलीत बोलावून असं काही झापलं की काय सांगू. म्हणाल्या, खटला उभा राहायचा आहे, तुझी आई त्यातली साक्षीदार आहे, आणि तू तिला घरबसल्या पढवतेस? तिने उद्या साक्ष बदलली तर ती तिची असेल की तुझी? तिने नाही बदलली तर ती तुझ्यावरच्या रागाने असेल की नाही? एवढं तोंड चालवणारी मी, नुसती वही उचलून बाहेर आले.

वर्गात सांगितलं त्याबद्दल मला माफ कर. मी तुझं उदाहरण सांगितलं तेव्हा मला फार भारी वाटत होतं. नाव सांगितलं नव्हतं, पण म्हणून काय झालं.

तर आता बाकीच्या बातम्या. माझ्या खोलीत राहणारी मुलगी झोपेत गाते आणि बेसूर गाते. नळाला पाणी आहे पण त्याला कुठल्या वेळी यायचं ते अजून ठरवता आलेलं नाही. कोपऱ्यावरच्या पाववाल्याचा चष्मा इतका वाकडा आहे की त्याच्याशी बोलताना माझी मान आपोआप तिरकी होते. परवा न राहवून मी तो हातात घेतला, त्याच्या भट्टीच्या दारावर काडी गरम केली आणि कानामागे दोन वळणं दिली. तेव्हापासून मला रोज एक बिस्किट फुकट मिळतं.

रागावलीस तरी पत्र लिहीत जा. कोरं पाकीट आलं तरी मी फोडीन.

तुझी,
चिमी


ता. १४ ऑक्टोबर

चि. चिमीस,
अ. उ. आ. (या वेळी तिन्ही अक्षरं मनापासून.)

नको तेव्हा शंभर प्रश्न, आणि आता विचारायची वेळ आली तर पाववाल्याचा चष्मा! मी लिहू नकोस म्हटलं म्हणून कुणी इतकं ऐकतं का? एरवी कधी ऐकलं होतंस? स्वेटर घाल म्हटलं तर कधी घातलास?

पुढच्या आठवड्यात माझी साक्ष आहे. सरकारी वकील येऊन गेले. घाईतले गृहस्थ आहेत, बोलताना सारखे घड्याळ बघतात. म्हणाले, काही अवघड नाही, आरोपी समोर असेल, विचारलं की बोट दाखवायचं, एवढंच. मी म्हटलं, मला जरा विचारायचंय. तर म्हणाले, तुमची खात्री आहे ना, मग झालं. मावशी येणार आहेत. त्यांनी मला चांगली साडी नेसून यायला सांगितलं आहे.

तुझ्या बाई पढवू नको म्हणाल्या ते बरोबर आहे, हे मला कळतं. तरी तुझा इतका राग आला मला. भांडायला समोर कुणी नसलं की माणूस स्वतःशीच भांडत बसतो. तुझे बाबा या कामाचे नाहीत.

मी लवकरच लिहीन, तोवर माया पातळ होऊ देऊ नकोस.

आई


ता. २५ ऑक्टोबर

चि. चिमीस,
अ. उ. आ.

झालं ते जसं झालं तसं लिहिते. मध्ये थांबले तर पुढे लिहवणार नाही.

कोर्टाची खोली आपल्या बँकेसारखीच आहे, तीच पिवळट भिंत आणि तसाच कुरकुरणारा पंखा. मावशी मागच्या बाकावर बसल्या होत्या, हात रुमालात गुंडाळून. तो समोर उभा होता. चष्मा नाही, काही नाही. चेहरा बघितला आणि मला पुन्हा तेच वाटलं, की हा मला माहीत आहे, पुरता माहीत आहे. जिवाला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मनात म्हटलं, चिमीच्या त्या बाईंना आता कळेल.

सरकारी वकिलांनी मला नाव, धंदा विचारला. मग कुठलासा कागद आरोपीला वाचायला दिला. ओळख पटवायची म्हणून उतरवायला लावलेला चष्मा त्याने खिशातून काढला आणि लावला.

चिमे, त्याच्या कानामागे दोन वळणं होती.

उजवी काडी डावीपेक्षा जराशी खाली वाकवलेली, कारण त्याचा उजवा कान खाली आहे. मला ते माहीत होतं, कारण ती काडी मीच वाकवली होती. गरम हवेवर धरून, त्याच्या कानाला लावून, पुन्हा काढून. तो आपल्या खुर्चीत बसला होता गं, उन्हाळ्यात कधीतरी. जुना चष्मा मी काढून घेतला होता आणि तो उघड्या तोंडाने डोळे मिचकावत बसला होता, माझ्यापासून वीतभर अंतरावर. मी त्याला सांगितलं होतं, समोर बघा, मान सरळ. नाकाच्या दांड्यापासून हनुवटीपर्यंत मला तो पाठ होता, तो खुर्चीतला! काचेसमोरून पळालेल्याचा चेहरा मी आठवायला गेले, तर मला एक राखाडी जाकीट दिसलं आणि त्याच्यावर एक पुसट काहीतरी. ते पुसट होतं कारण माझ्या नाकावर जवळचा चष्मा होता. होता, चिमे. तुला लिहिलं नाही, पण होता.

वकिलांनी विचारलं, तो माणूस या खोलीत आहे का. मी म्हटलं, यांना मी ओळखते. त्यांनी मान डोलावली आणि ते वळायला लागले. मी म्हटलं, थांबा, माझं झालेलं नाही. मी यांना माझ्या दुकानात पाहिलंय, चष्मा बसवताना. जिन्याजवळ पाहिलं की नाही, ते मला सांगता येत नाही. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला, आवाज चढवून. मीही चढवला. न्यायाधीशांनी मला दोन घोट पाणी प्यायला सांगितलं आणि मग स्वतः विचारलं, की परेडच्या वेळी हे का बोलला नाहीत. मी सांगितलं, चष्मा न लावलेला चेहरा मला ओळखीचा वाटला, आणि ओळख कुठली, ते मी स्वतःला विचारलंच नाही. जवळच्या चष्म्याचंही सांगितलं. टाइप करणाऱ्या मुलीने वर बघितलं. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. एका परक्या माणसासमोर, भरल्या खोलीत, मी चष्मेवाली, सांगत होते की मला नीट दिसलं नव्हतं.

बाहेर आले तर मावशी निघून गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी टाचण्यांची उशी आली नाही. मी गेले, तर त्या शिलाई यंत्रावर कापड घालून बसल्या होत्या. म्हणाल्या, ज्याने माझा हात मोडला तो तर सुटला ना?

आता खरं सांग. मी बरोबर केलं का? की तोच होता आणि मी सोडवला? तुमच्या विषयात यावर काहीतरी असेलच. बाबा म्हणतात, तू केलंस ते ठीक केलंस, आणि पुन्हा काच घासतात. मला तेवढं पुरत नाही.

तुझ्यावर विसंबून,
आई


ता. २ नोव्हेंबर

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी जिन्यात उभी राहून वाचलं, आणि मग तिथेच बसले. खोलीतली गाणारी मुलगी विचारायला आली की कुणी गेलं का. मी म्हटलं, नाही गं, माझी आई कोर्टात उभी राहिली.

बाईंना मी या वेळी आधी विचारलं की आता लिहू का. त्या म्हणाल्या, साक्ष संपली, आता लिही. मग त्यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि विचारलं की तुझी आई भेटेल का मला कधी. आई, त्या असं कुणालाच म्हणत नाहीत.

तोच होता की नाही, ते मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही, आणि तू कोर्टात तेवढंच सांगितलंस. तो निर्दोष आहे असं तू म्हणाली नाहीस. माहीत नसताना माहीत आहे म्हणायचं नाही, यापलीकडे आमच्या पुस्तकातही काही नाही. मावशींच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. त्यांचा हात कुणीतरी मोडला आहे आणि तो माणूस कुठेतरी मजेत फिरतो आहे, याचा मलाही संताप येतो. त्यांच्याकडे जात राहा. त्या बोलल्या नाहीत तरी.

मी तुला प्रश्न विचारले ते बरोबर होते, पण ते विचारताना मला तुझी काळजी नव्हती, मला बरोबर ठरायचं होतं. ते तुला कळलं असणार. तुला सगळ्यांच्या चेहऱ्यावरचं कळतं, माझ्या अक्षरातलंही कळलं असेल.

हा विषय तू म्हणशील तर सोडते. खरंच.

तुझीच,
चिमी


ता. ९ डिसेंबर

चि. चिमीस,
अ. उ. आ.

विषय सोडलास तर तंगडं मोडीन. तुझ्या त्या बाईंनाही सांग, की यायचं तर सुट्टीच्या दिवशी या, दुकान चालू असताना मला भांडायला वेळ नसतो.

तो सुटला. त्याच्याकडे ना पिशवी सापडली होती, ना दुसरं काही. एक माझं बोट होतं, ते मी काढून घेतलं. मावशी अजून बोलत नाहीत. पण परवा दुकान उघडलं तर टाचण्यांची उशी काउंटरवर ठेवलेली, सगळ्या सुया रिकाम्या. मी दोरे ओवून त्यांच्या दारात ठेवून आले. बोलावं असं मलाही वाटलं, पण म्हटलं, घाई नको.

आज तो दुकानात आला.

मी एकटीच होते, बाबा काचा आणायला गेले होते. तो दारात उभा राहिला आणि आत येऊ का, असं विचारलं. दुकानात यायला कुणी परवानगी मागतं का? चष्मा त्याच्या हातात होता. त्या साक्षीनंतर कोठडीत कुणीतरी त्यावर बसलं होतं, काडी बाहेर फाकली होती. गोदामातली नोकरी गेली म्हणाला, दुसरीकडे बघतो आहे, तिथे आकडे वाचायचं काम आहे, चष्मा सरळ हवा. मी त्याला खुर्चीत बसायला सांगितलं. काडी गरम करताना बोट भाजलं. त्याचा चेहरा माझ्यासमोर वीतभर अंतरावर, तसाच, डोळे मिचकावत. मी त्याची माफी मागितली. काय शब्द वापरले ते आठवत नाही, बरे नसावेत. तो नुसता मान हलवत राहिला.

मग मी त्याला विचारलं. मला विचारायलाच हवं होतं. म्हटलं, त्या दिवशी ओळीत तुम्ही माझ्याकडे बघून हसलात का?

तो म्हणाला, मला चष्म्याशिवाय काही दिसत नाही, बाई. कोण येतंय, कोण बघतंय, काही कळत नव्हतं. सकाळपासून कुणी धड बोललं नव्हतं. तेवढ्यात तुमचा आवाज आला, समोर बघा, मान सरळ. मला एकदम हायसं वाटलं. म्हटलं, या तर आपल्या चष्मेवाल्या बाई, यांनी सांगितलं होतं की त्या चेहरा विसरत नाहीत. त्या सांगतील यांना, की मी कोण आहे. म्हणून हसलो. नंतर माझ्या वकिलाला म्हटलं, त्या बाई मला ओळखतात, तर ते ओरडले की हे चुकूनही बोलू नकोस, त्यांची ओळख पक्की ठरेल आणि आणखी अडकशील.

चिमे, मी काडीला दोन वळणं दिली. चष्मा त्याच्या डोळ्यांवर चढवला. मग आरशाकडे बघायला सांगायचं असतं, ते मला सांगता येईना. तो आपणहून माझ्याकडे वळला, मान सरळ करून, समोर बघत, आणि ताटकळत बसला की बाई आता बरोबर आहे म्हणतील.

ये गं लवकर.

आई